तू तं जानारच होती

माझं माहेर अंजनगावकडलं. गावाचं नाव राहू द्या, तिथं आजबी आमचे लोकं राह्यतात अन् म्हातारपनी मले कोनाच्या तोंडी लागाचं नाई. तिवश्यात येऊन मले गंज वर्षं झाले, नवरा इथलाच होता, लेकरं इथंच झाले, लहाना पोरगा नांदगाव पेठेले कापडाच्या कंपनीत जाते. सकाळी त्याचा डबा बांधून देतो, बुढीले न्हाऊ घालतो, अन् मंग मोझरीच्या फाट्यावर हार-फुलं घेऊन बसतो, दुपारपर्यंत टोपलं खाली झालं तं झालं, नाईतं आनतो परत. तुमी लहानपन इचारलं म्हनून सांगून राहिली ताई, नाईतं हे म्या कोनाजवळ काढलं नाई, माझ्या पोराजवळ बी नाई. लिहून घ्याचं तं घ्या. पन मंदात थांबवू नका, मी एकडाव थांबली का मंग माझ्यानं सांगनं होत नाई.

बुढी म्हनजे माझी माय. ती पाहा आतमंदी खाटीवर बसेल हाये, भितीकडं तोंड करून. ऐंशीच्या वर गेली. कान चांगले हायेत, पन डोक्यातलं सारं गेलं, कोन आलं कोन गेलं काई वळखत नाई. तुमी बोला मोकळं, तिले काई समजत नाई. अन् समजलं तं बरंच होईन.

आमचं घर पानवाल्याचं. पानवाले म्हनजे ठेल्यावर चुना-कात लावनारे नाई हो, पान पिकवनारे. बाकी सारं गाव कापसाच्या पऱ्हाटीचं अन् तुरीचं, आमचा मातर पानमळा. माझा बाप अन् त्याचा मोठा भाऊ, त्याले आमी मोठेबाबा म्हनो, या दोघायचा मळा एकच होता, चूल बी एकच, अन् हुकूम चाले मोठेबाबाचा. आता काय सांगू तुमाले तो मळा कसा होता, तुमी पाह्यला बी नसन. चारी बाजूनं पऱ्हाट्याचे तट्टे, आत शेवरीचे उंच झाडं, अन् एकेका झाडावर पानाचा वेल चढवेल. उन्हाळ्यात आमच्या वऱ्हाडातलं ऊन म्हनजे मानूस भाजून निंघते, पन मळ्यात शिरलं का असं गार, जसं इहिरीत उतरलं. माती वली, वर हिरवंगार, अन् तो वास. तो वास मले आजबी येते मंदातच, फुलायच्या टोपल्यावर वला कपडा झाकला का येते, अन् मंग दिवसभर कशात मन लागत नाई.

मळ्याचे कायदे लय कडक. मळा म्हनजे आमचा देव, नुसतं तोंडानं म्हनाले नाई, खरंच देव. दाराशी जोडे काढाचे, तिथं रांजन भरेल राह्ये त्यातल्या पान्यानं पाय धुवाचे, मंग वाकून आत जाचं. मळ्याचं दार मुद्दाम ठेंगनं ठेवत, का मानूस वाकलाच पाह्यजे. एकडाव एक साहेब आला होता मळा पाहाले, त्याले बी मोठेबाबानं बूट काढाले लावले, अन् त्याच्या मोज्याले भोक होतं, अंगठा पुरा बाहीर, ते आमी पोट्ट्यायनं पाह्यलं अन् हासू हासू पोट दुखलं आमचं. मोठेबाबा म्हने, साहेब असो का राजा, बाहीरची माती आत येनार नाई. अन् बाईमानूस तिच्या दिवसात मळ्याच्या दिशेनं बी जाये नाई. इटाळ झाला का वेल बसते, म्हनजे मरून जाते, असं मानत. खरं का खोटं मले नका इचारू. तवा ते साऱ्यायले खरंच वाटे, मले बी वाटे.

मी बाच्या मांगं मांगं राहो. दादा माझ्याहून मोठा, पन त्याले मळ्याचा कंटाळा, तो सायकल घेऊन अंजनगावच्या बाजारात फिरे, अन् बा मले घेऊन मळ्यात जाये. वेल वाढला का त्याले झाडाशी बांधा लागते, वल्या लव्हाळ्यानं, घट्ट बांधला तं वेल कापल्या जाते अन् ढिला बांधला तं घसरते, ते माझ्या हातले बरोबर जमे. पान खुडाचं तं अंगठ्याच्या नखानं, देठासकट, वेलाले झटका नाई बसला पाह्यजे. बा म्हने, या पोट्टीचा हात हलका हाये, हे मळ्याची पोट्टी हाये, इले मी पानवाल्याच्याच घरी देईन, इले पऱ्हाटीच्या उनात नाई पाठवनार मी. साऱ्यायच्या समोर म्हने. मोठेबाबा बी मान हालवे. मले असं वाटे का आता माझं सारं पक्कं झालं. लहान लेकराले सांगेल गोष्ट ते लेकरू दगडावरची रेघ समजते ना ताई, तसं.

अन् माय. आता तुमाले वाटन मी बुढीचं वाईटच सांगन. नाई. माझी माय माझ्यावर लय जीव लावे. सैपाकात मोठीमायचं राज्य होतं, मोठेबाबाची बायको ती, तिच्यासमोर माय तोंडातून शब्द काढे नाई, पन माझ्यासाठी पदराखाली काई ना काई झाकून आने, कधी सायीचा तुकडा, कधी रोडग्याचा मंदातला भाग तुपात चुरेल. मी मोठी झाली, म्हनजे समजा तुमी, पयल्यांदा कावळा शिवला, तवा मी धावत तिच्याचजवळ गेली. मी रडून राहिली अन् ती माझ्या डोक्यावरून हात फिरवून राहिली. म्हने, कोनाले सांगू नको. मोठीमायले समजलं तं ती उद्याच तुह्या लगनाचं काढन. तू लहान हायेस अजून, राह्य माझ्याजवळ. मंग त्या दिवसायत माय साऱ्यायले सांगे, पोट्टीले ताप हाये, पोट्टीचं पोट दुखून राहिलं, अन् मी घरी राहो. मळ्याकडं मी ढुंकून बी पाहो नाई. हे तुमी नीट लिहून घ्या ताई. मी एकडाव बी गेली नाई. माझ्या अन् मायच्या मंदातली ते एकच चोरी होती, अन् मले त्याचा आनंद वाटे, का माझी माय माझ्यासाठी मोठीमायच्या तोंडावर खोटं बोलते.

मंग दादाचं लगन झालं. वयनी बी पानवाल्याचीच, दुसऱ्या गावची, तिच्या बापाचा बी मळा. आमच्यात नवी सून आखाडात सासरी राह्यत नाई, तं दादा तिले पोचवाले गेला, नवा जावई म्हनून तिकडं चार दिवस मुक्काम केला अन् मंग आला. आला तं काय ऐट त्याची! सासऱ्यानं जोडे घेऊन देल्ले होते, कातड्याचे, चमकनारे, अन् पावसानं पायवाट सारी चिखलाची, तं ते जोडे काळ्या मातीनं भरेल, पन हा चालते असा का जसा पाटलाचा पोरगा.

तवा माय अन् मी भाकरी घेऊन मळ्याच्या दाराशी उभ्या होतो. बा अन् मोठेबाबा आत इहिरीकडं होते. दादा आला तो सीधा दाराकडं. म्या म्हटलं, दादा जोडे. तो हासला. म्हने, सासऱ्यानं देल्ले जोडे गवतात ठेवू काय, कुत्रं नेईन. म्या म्हटलं मी पाहातो ना तुह्ये जोडे, काढ. म्हने, हट वं, अन् वाकला अन् गेला आत, जोड्यासकट, वेलायच्या पयल्या वळीतून दुसऱ्या वळीत, बाले शोधत. मी मायकडं पाह्यलं. माय म्हने, जाऊ दे, नवा जावई होऊन आला, त्याची हौस हाये, तू बोलू नको कोनाले. म्हनून मी बोलली नाई. तो तिथून आला तवा जोडे हातात होते, बाच्या नजरेले पडाच्या आंधी काढून घेतले असन. हे तीन मानसायनं पाह्यलं, दादानं, मायनं अन् म्या. चौथ्या कोनालेच माहीत नाई.

मंग मर लागली. तुमाले मर माहीत नसन. वेल वरून हिरवा दिसते अन् जमिनीजवळ काळा पडते, पान लोंबते, अन् दोन-चार दिवसात पुरा वेल असा माना टाकते जसं कोनी गळा दाबला. पयली वळ गेली. मंग दुसरी. बा पान्याच्या पाटात बसून राह्ये, मेलेल्या वेलावर हात फिरवे. मोठेबाबानं मातीत चुना टाकला, राख टाकली, नारळ फोडले, पन रोज सकाळी पाहावं तं अजून काई वेल बसेल. दारापासून सुरू झालं अन् आत आत गेलं. म्या ते पाह्यलं अन् मले दिसलं का हे तं दादा चालला तसंच चाललं. मी मायले म्हटलं. मायनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

नागपंचमीले आमच्या घरी मोठा सन राह्ये. त्या दिवशी कोनी पान खुडत नाई, मळ्याच्या कोपऱ्यात शेंदूर लावेल नागोबाचा गोटा होता, त्याची पूजा, अन् वरनाच्या फळायचा, म्हनजे वरनात शिजवेल कनकेच्या तुकड्यायचा सैपाक. त्या वर्षी पूजा झाली पन कोनी जेवलं नाई. मोठेबाबानं साऱ्यायले गोट्यासमोर उभं केलं. म्हने, मळ्याचा कायदा मोडल्याबिगर अशी मर लागत नाई. ज्याचा पाय चुकला त्यानं सांगावं. नाई सांगत तं एकेकानं गोट्यावर हात ठेवा अन् बोला का मी नाई. अन् ज्याचा चुकला असन तो आजपासून या मळ्यात पाय ठेवनार नाई, तो माझा असो का कोनाचा असो.

पयले मोठेबाबानं सोता हात ठेवला. मंग बानं. मंग मोठेबाबाचे दोन पोरं. मंग दादाचा लंबर. दादाचं तोंड असं पांढरंफट, तो पाय उचले अन् ठेवे. मी त्याच्याकडं पाहून राहिली, मले वाटलं आता हा बोलन, अन् खरं सांगतो मले त्याची दया येऊन राहिली होती, मले वाटलं मी त्याच्यासंगं उभी राहीन, म्हनीन त्याले माफ करा. अन् तेवढ्यात मागून माझ्या मायचा आवाज आला. जी माय मोठेबाबासमोर कधी बोलली नाई, ती बोलली. म्हने, पोराले कायले उभं करता, चूक माझ्या पोट्टीची हाये. ते मोठी झाली गंज दिवस झाले, तिनं लपवलं, अन् तशीच मळ्यात जात राहिली. मले कालच समजलं.

काय सांगू तुमाले. मले पयले समजलंच नाई का हे माझं चाललं. म्या मांगं पाह्यलं, दुसऱ्या कोनत्या पोट्टीचं बोलून राहिली काय. मंग साऱ्यायचे डोळे माझ्यावर. आता मानसायसमोर, बापासमोर, चुलतभावायसमोर ते गोष्ट, तुमी बाई हायेत, तुमाले समजन, मले वाटलं जमीन फाटली तं बरं. म्या म्हटलं मी नाई गेली, माय तू सांग ना, तुलेच तं माहीत हाये, अन् मायनं पुढं येऊन माझ्या तोंडात मारली. तिनं मले त्याच्या आंधी कधी बोट लावलं नव्हतं. दादा उभाच. त्याले गोट्यावर हात ठेवा बी नाई लागला. बानं मान खाली घातली अन् निंघून गेला इहिरीकडं.

मोठेबाबा मले काई वाईट बोलले नाई, हे बी सांगाले पाह्यजे. नुसतं म्हने, जा पोरी घरी, आता इकडं येऊ नको. बस, झालं माझं.

संध्याकाळी माय चुलीसमोर बसली होती. मोठीमाय देवळात गेली होती. मी गेली, तिच्यासमोर बसली, म्हटलं, माय काहून असं केलं? ती भाकर थापून राहिली, तिनं हात थांबवला नाई. म्हने, त्याचं आत्ता लगन झालं. त्याले मळ्यातून काढलं तं तो काय करन, बायकोले काय खाऊ घालन? मोठेबाबाच्या पोरायले तेच तं पाह्यजे, सारा मळा त्यायचा होईन. तुहं काय, तू तं जानारच होती. आज नाई उद्या तू दुसऱ्याच्याच घरी जानार होती, त्याले इथं राहाचं हाये. अन् भाकर तव्यावर टाकली. मंग ते भाकर तिनं मलेच वाढली. म्या खाल्ली बी. भूक लागली होती, सकाळपासून उपाशी होती मी. आता इतक्या वर्षानं मले त्या थापडीचा राग येत नाई, मले त्या भाकरीचा राग येते, का म्या खाल्ली काहून.

मंग पानवाल्याच्या घरची सोयरीक मले कुठून येनार? गोष्ट गावोगाव गेली. अशी पोट्टी कोन घेईन, जिच्या पायानं मळा बसला. बानं दूर तिवश्याकडं पाह्यलं, आमच्याच जातीतले पन वांगे-कोथमिर अन् झेंडू लावनारे, त्यायले मळ्याचं काई सोयरसुतक नाई. मी गेली. नवरा लय चांगला भेटला, साधा, कमी बोलनारा, हे माझं नशीब, यात माझ्या घरच्यायचं काई देनं नाई. सुरवातीले मी फुलं तोडो तं तो म्हने, हळू काहून तोडतं वं, झेंडू हाये तो, ओरबाड! म्या त्याले बी कधी सांगतलं नाई. बा मातर बदलून गेला. माहेरी गेली तं तो म्हने आली काय, जेवली काय, पन माझं नाव घेऊन हाक मारनं त्यानं सोडलं ते सोडलं. त्याले खरं माहीत होतं का नाई, मले आजवर माहीत नाई, अन् तो गेला आता.

नागपंचमीले लेकी माहेरी येत, साऱ्या मळ्यात जात पूजेले, नवा वेल लावला होता मंग त्यायनं, बरा आला होता. अन् मी तट्ट्याच्या बाहीर, लेकरू कडेवर घेऊन. आतून घंटी आयकू ये. पोरगी माझी मोठी झाली तं इचारे, माय आपन काहून आत जात नाई, अन् माझी माय तिथून परसाद घेऊन ये बाहीर, माझ्या हातावर ठेवे, अन् माझ्याकडं पाहे नाई. चार-पाच नागपंचम्या गेली मी. मंग सोडून देल्लं. सांगो, बस भेटली नाई, पानी लय होतं, काई बी.

एक गोष्ट राहिलीच. माझ्या पयल्या लेकराच्या बारशाले वयनी आली होती इकडं. आमी दोघी हार गुंफत बसलो होतो, अन् ती सहज बोलून गेली का आमच्या लगनाच्या वर्षी माझ्या बापाचा मळा बी बसला होता, तुमचे भाऊ आले होते आखाडात तं त्यायनं बापासंगं मेलेले वेल उपटले, चिखलात दिवसभर. मी म्हटलं, वयनी हे तुमी कधी बोलल्या नाई. ती म्हने, बोलनारच होती, पन आत्याबाईनं, म्हनजे माझ्या मायनं वो, आत्याबाईनं मले आखाड सरून आल्या आल्या, नागपंचमीच्या आंधीच सांगतलं का तुह्या माहेरच्या मळ्याचं इथं कोनाजवळ काढू नको. तवा मले समजलं. म्हनजे तो तिथल्या मेल्या मळ्याची माती जोड्याले लावून आमच्या मळ्यात फिरला, अन् मायले हे पुरं माहीत होतं, अन् तिनं बोलनाऱ्याचं तोंड आंधीच बंद करून ठेवलं होतं. मले इतके दिवस वाटे का त्या दिवशी घाबरून तिच्या तोंडातून निंघालं असन, माय हाये, पोरासाठी जीव तुटला असन. नाई ताई. तिनं इचार करून केलं.

त्याच्यानंतर एकडाव म्या तिले गावच्या इहिरीवर गाठलं. म्हटलं, माय, मोठेबाबा म्हातारे झाले, आता तरी सांगून टाक, एकदा सांग, माझ्या पोरीले मळा दाखवीन मी. ती म्हने, झालं ते झालं, तुले काय कमी हाये? नवरा दारू पेत नाई, लेकरं धडधाकट हायेत, आन् काय पाह्यजे बाईले? म्या म्हटलं मले खरं पाह्यजे. ती म्हने, खरं घेऊन काय चाटतं? अन् बादली उचलून चालली. मोठेबाबा तसेच गेले. त्यायच्या मनात मी शेवटपर्यंत तीच राहिली.

आता मळा बी नाई. दादानं संत्रा लावला, मंग ते बी काढून प्लॉट पाडले. त्याचे पोरं अकोल्याले राह्यतात. दोन-तीन वर्षं झाले असन, दादा बुढीले घेऊन आला आटोत टाकून, संगं एक गाठोडं. म्हने, वयनीच्या गुडघ्याचं आपरेशन हाये, महिनाभर ठेव. दादा बी आता म्हातारा, हात कापतात त्याचे. म्या चहा देल्ला. अन् मंग इचारलंच, म्हटलं दादा, ते जोडे आठवतात तुले? तो म्हने, कोनते जोडे? म्या म्हटलं सासऱ्यानं देल्ले. तो बशीत चहा ओतून राहिला, म्हने, गंज जोडे देल्ले वं सासऱ्यानं, कोनते म्हनतं? त्याले आठवत नसन का आठवाचं नसन, देव जाने. गेला तो. महिना झाला, दिवाळ्या झाल्या, आता फोन लावला तं वयनी उचलते, म्हने ते झोपले हायेत.

लोकं म्हनतात, बाई तुमी लय पुन्न करून राहिल्या, मायची सेवा करता. माझ्या मनात काय हाये ते माझं मले माहीत. मी तिले न्हाऊ घालतो, भरवतो, तिचं हागनं-मुतनं काढतो, अन् मले राग येते. रोज येते. तिचे केस इंचरताना बी येते. पन फेकून थोडी देनार, म्हातारं मानूस हाये. तिले माय म्हटलं का ती घाबरते, म्हनते माझी माय तं मेली, तू कोन वं? म्हनून मी तिले आजी म्हनतो. तिले वाटते हे कोनतरी परकी बाई हाये, चांगल्या घरची, तिनं तिले ठेवून घेतलं.

परवाची गोष्ट सांगतो अन् मंग उठतो, फुलं सुकून राहिले. परवा मी तिले वरन-भाकर कुस्करून भरवून राहिली होती. खाता खाता म्हने, माझी बी एक पोट्टी होती वं बाई. माझा हात थांबला. इतक्या दिवसात तिनं मले कधी आठवलं नव्हतं, नुसता दादाच दादा. म्या म्हटलं, हो काय आजी, कुठी हाये मंग ते? म्हने, गेली कुठीतरी. तिनं माझा मळा बसवला. इटाळाची असून मळ्यात गेली, सारे वेल मेले, तिच्या बापानं तिचं नाव टाकलं. आता ताई, म्या मनात म्हटलं, हे सारं इसरली, नवऱ्याचं नाव इसरली, जेवली का नाई ते इसरली, मंग खोटं बी इसरली असन, खाली खरं असन ते निंघन. म्हनून म्या इचारलं. म्हटलं, आजी, खरंच गेल्ती काय ते पोट्टी मळ्यात? तुमी पाह्यलं होतं? ती म्हने, गेल्ती ना, म्या माझ्या या डोळ्यानं पाह्यली. म्या म्हटलं, अन् पोरगा? म्हने, माझा पोरगा देवमानूस हाये.

म्हनजे आता जगात ते खरं जाननारी मी एकटीच राहिली. तिच्याजवळ ते नाईच, कुठीच नाई. एवढे वर्षं मले वाटे का ते तिच्याजवळ हाये, एक ना एक दिवस ती काढून देईन. मी उठली, अंगनात गेली, भितीले टेकून उभी राहिली. मंग आठवलं का तिच्या तोंडाले भाकर लागेल हाये अन् माशा बसतीन. आली परत. पदरानं पुसलं तिचं तोंड. तं तिनं माझा हात धरला, माझ्या गालावरून आपला हात फिरवला, असा, खरखरीत, अन् डोळे भरून म्हने, किती करतं वं बाई माझं, पोटची पोट्टी नाई करनार एवढं. कोनाची लेक वं तू? तुह्या मायनं लय मोठं पुन्न केलं असन.

म्या म्हटलं, केलं असन आजी. घ्या, आ करा.